शेवाळ माशांच्या खाद्यात जरूर घाला, पण पोत्यावर तसं लिहा

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

समुद्री शेवाळाच्या शेतीबद्दल हल्ली वर्तमानपत्रांत वरचेवर वाचायला मिळतं. आपल्या दैनिकातही मध्यंतरी त्यावर मजकूर आला होता. त्यात शेवटी एक वाक्य होतं, की हेच शेवाळ उद्या माशांच्या खाद्यात जाईल आणि मग खाद्यासाठी समुद्रातली बारीक मासळी मारावी लागणार नाही. त्या एका वाक्यासाठी हे पत्र लिहिते आहे. त्यातलं अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं लोकांनी खरं धरलं, तर त्याचा फटका आम्हा मासळीवाल्या बायकांना आणि तळी करणाऱ्यांना बसेल.

माझं सासर बेलापूरजवळचं दिवाळे. लग्न होऊन आल्यापासून मासळी विकते. पहाटे भाऊच्या धक्क्यावर नाहीतर करंजाला माल उचलायचा आणि उन्हं वर यायच्या आत बाजारात बसायचं. माहेर उरण तालुक्यात आहे. तिथे भावाची खारजमीन आहे. एका तळ्यात तो जिताडा करतो, दुसऱ्यात कोळंबी. त्यात माझेही पैसे गुंतले आहेत, म्हणून खाद्याची वही मी ठेवते. त्यामुळे समुद्रातली मासळी संपत चालली की काय होतं ते मला बाजारात कळतं आणि खाद्याचा भाव चढला की काय होतं ते वहीत दिसतं.

खाद्यासाठी मारल्या जाणाऱ्या या बारीक मासळीला आम्ही कुटा म्हणतो. कुटा म्हणजे काय, हे शहरातल्या वाचकांना सांगायला हवं. ट्रॉलर धक्क्याला लागला की माल निवडून वर येतो. पापलेट, सुरमई, हलवा, मोठी कोळंबी बर्फाच्या पेट्यांत. बांगडा, माकुल, राणी मासा टोपल्यांत. आणि सगळ्यात शेवटी एक ढीग येतो. त्याला पेटी नाही, टोपली नाही, बर्फ तर नाहीच. तो फावड्याने ओढतात. बोटभर मांदेली, ढोमी, लेपे, वाकटीची पिल्लं, तुटक्या नांग्यांचे खेकडे, सगळं एकत्र चिखल झालेलं असतं. वाकून पाहिलं तर त्यात अंगठ्याएवढं पापलेटही चमकताना दिसतं. हा कुटा. तो सुकवून, नाहीतर ओलाच टेम्पोत भरून फिशमीलच्या, म्हणजे खाद्यात घालायच्या मासळीच्या पिठाच्या, कारखान्याकडे जातो. चार ते पाच किलो ओल्या मासळीचं जेमतेम एक किलो फिशमील होतं. ते अंगठ्याएवढं पापलेट पाण्यात राहिलं असतं, मोठं झालं असतं, एकदा तरी अंडी घालून गेलं असतं आणि मग कधीतरी माझ्या नाहीतर माझ्यासारख्या दुसरीच्या पाटीत आलं असतं.

राज्य सरकारने २०२३ मध्ये ५४ जातींच्या मासळीची किमान लांबी ठरवून दिली. त्याच वर्षी पापलेटला राज्यमासा केलं. दोन्ही निर्णय आम्हाला मनापासून पटले. पण त्या ढिगात पिल्लं अजून दिसतात, आणि जोवर कुट्याला गिऱ्हाईक आहे तोवर ती दिसत राहतील. म्हणूनच शेवाळाची बातमी वाचून पहिल्यांदा मला फार बरं वाटलं. भावाला फोन करून मी ती वाचूनही दाखवली.

मग आम्ही दोघं या विषयाच्या मागे लागलो. मिळेल ते वाचलं, माहीतगारांना विचारलं. त्यातून जे समजलं ते असं.

जिताडा हा आमच्या आगरी-कोळी पंगतीतला मानाचा मासा. पेण, अलिबाग, उरणकडे खारजमिनीतली जिताड्याची तळी फार जुनी. पूर्वी बांधाच्या उघाडीतून भरतीच्या पाण्याबरोबर पिल्लं आत यायची, त्यांच्याबरोबर बोईट आणि कोळंबीही यायची, आणि जिताडा त्यांच्यावरच पोसायचा. तिलापिया तळ्यात सोडायचे तेही त्याच्या पोटासाठी. खाद्याचं पोतं हा प्रकारच नव्हता. १९९७ मध्ये चेन्नईच्या केंद्रीय निमखारे पाणी मत्स्यसंवर्धन संस्थेने जिताड्याची पैदास बंदिस्त टाक्यांत करून दाखवली. पुढे बीज विकत मिळू लागलं, तळ्यात पिल्लांची संख्या वाढली आणि त्यांना बाहेरून खायला घालणं भाग पडलं. ओला कुटा चिरून घातला तर किलोभर जिताडा तयार व्हायला चार ते आठ किलो कुटा जातो. तयार गोळ्या घातल्या तर वजनाने खाद्य बरंच कमी लागतं, पाणीही खराब होत नाही. पण त्या गोळीतही फिशमील असतंच, कारण या माशाला खाद्यात ४० टक्क्यांहून जास्त प्रथिनं लागतात.

आता शेवाळाकडे येऊ. समुद्रातलं शेवाळ हिरवं, तपकिरी आणि लाल अशा तीन कुळांतलं. प्रत्येकाचा गुण वेगळा. आपल्या खडकांवर पातळ पानांचं हिरवं शेवाळ येतं, त्याला शास्त्रात उल्वा म्हणतात. सुकल्यावर त्यात साधारण १० ते २५ टक्के प्रथिनं. तपकिरी सरगॅसममध्ये त्याहून कमी. लाल कुळातल्या पोर्फिरामध्ये ३० टक्क्यांच्या वरही जातात, पण ती थंड पाण्यातली, जपानी लोक भाताला गुंडाळतात ती. तमिळनाडूत ज्याची लागवड होते ते कप्पाफायकस लालच, पण त्यात प्रथिनं अगदी थोडी. याच्यासमोर चांगल्या फिशमीलचे ६० टक्के ठेवा. सोयापेंडीतसुद्धा ४५ च्या आसपास असतात आणि शेंगदाण्याच्या पेंडीत ४० च्या. शिवाय सुक्या शेवाळात क्षार भरपूर, कधीकधी वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याइतके. राहिलेला बराचसा भाग अगर, कॅराजिनन, अल्जिनेट अशा बुळबुळीत पदार्थांचा, आणि तो पचवणारे रस जिताड्यासारख्या मासे खाणाऱ्या माशाच्या पोटात नसतात. खाद्यात माशाचं तेल घालतात, तेही शेवाळातून निघणार नाही, कारण त्यात चरबी नावालाच असते. ओमेगा-३ साठी टाक्यांत वाढवतात ते सूक्ष्म शैवाल वेगळं, डोळ्यांना न दिसणारं. बातम्यांत या दोघांची सरमिसळ होते.

युरोपात सीबास नावाचा असाच मासे खाणारा मासा तळ्यांत आणि पिंजऱ्यांत वाढवतात. त्याच्या पिल्लांवर केलेला एक अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. तीन जातींचं शेवाळ खाद्यात घालून पाहिलं होतं. दोन जाती १० टक्क्यांपर्यंत चालल्या. तिसरी मात्र ५ टक्क्यांच्या पुढे नेऊ नये, असा निष्कर्ष निघाला. तिलापिया तर सगळं खाणारा मासा, पण त्याच्याही खाद्यात शेवाळाचं प्रमाण फार वाढवलं की वाढ मंदावते, असंच प्रयोगांत दिसलं आहे.

तेव्हा शेवाळ आलं की कुटा थांबेल, हे खरं नाही. फिशमीलची जागा घ्यायची तर सोयापेंड, शेंगदाणा पेंड अशा प्रथिनवाल्या मालाने घ्यावी लागेल, आणि तिथे शेवाळ फार तर मदतनीस. आणि कुटा मुळात थांबायचा असेल तर तो जाळ्याच्या खोल्यात, म्हणजे मासळी गोळा होते त्या शेवटच्या पिशवीत, थांबेल. ट्रॉलच्या खोल्याला ४० मिलिमीटरचा चौकोनी आस, म्हणजे जाळ्याचं छिद्र, असावा, अशी शास्त्रज्ञांची शिफारस आहे. चौकोनी आस ओढताना मिटत नाही, पिल्लू त्यातून निसटतं. तो आस प्रत्येक बोटीवर आला की त्या ढिगाचा आकार आपोआप उतरेल. शेवाळाच्या बातमीने ही मागणी मागे पडता कामा नये, एवढं माझं कळकळीचं सांगणं आहे.

एवढं असूनही शेवाळ खाद्यात यावं, असंच माझं मत आहे, आणि त्याचं कारण मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

कोळंबी गोळी गिळत नाही. ती गोळी पायांत धरते, फिरवते, कुरतडत बसते. तेवढा वेळ गोळी पाण्यात टिकली पाहिजे. विरघळली तर तिच्यातलं फिशमील तळाच्या गाळात जातं, तिथे कुजतं, अमोनिया वाढतो, आणि मग कोळंबी आजारी. कोळंबीच्या धंद्यात निम्म्याहून जास्त खर्च खाद्याचा असतो. म्हणजे विरघळलेली प्रत्येक गोळी पैसाही घेऊन जाते आणि तळंही बिघडवते. भाऊ तळ्यात चेक ट्रे सोडतो, दोन तासांनी वर काढतो आणि जाळीवर काय उरलं ते बोटाने चाचपून पाहतो. पीठ लागलं की त्याचा चेहरा उतरतो.

माझी नणंद रत्नागिरीकडे दिली आहे. तिच्या गावच्या कातळावर ओहोटीला लालसर, फांद्याफांद्यांचं शेवाळ उघडं पडतं. ग्रॅसिलेरिया त्याचं नाव. ज्याला आपण चायना ग्रास म्हणतो आणि उपासाला दुधात घालून थिजवतो, ते अगर याच कुळातल्या शेवाळापासून काढतात. तिने ते गोड्या पाण्यात धुऊन, सावलीत सुकवून पाठवलं. त्यातली वाळू आणि बारीक शिंपले वेचायलाच मला सकाळ लागली. मग मिक्सरवर दळलं, वस्त्रगाळ केलं. भाताचा कोंडा, शेंगदाणा पेंड, सोयापेंड, थोडं फिशमील आणि कणीक असं एकत्र भिजवलं आणि त्याचे दोन गोळे केले. एकात शंभराला पाच या हिशेबाने शेवाळाची पूड घातली, दुसरा तसाच ठेवला. दोन्ही वाफवले, सोऱ्यातून शेव पाडली, उन्हात कडक वाळवून तुकडे केले.

दोन काचेच्या ग्लासांत तळ्याचं पाणी घेतलं आणि दोन्हीकडचे सारखेच तुकडे टाकले. साध्या गोळीच्या कडा थोड्याच वेळात फुलल्या, पाणी पांढुरकं झालं, आणि तासाभरात चमचा लावला तर तळाशी लापशी. शेवाळाची गोळी फुगली, पण अखंड राहिली. पाणी जरासं पिवळसर, बाकी स्वच्छ. दोन तासांनी ती चिमटीत धरून बाहेर काढता आली. भावाने ती फोडून पाहिली, वास घेतला आणि तीच गोळी चेक ट्रेमध्ये टाकली. कोळंबीने ती खाल्ली. वाफेत शेवाळातलं अगर सुटतं आणि गार झालं की पिठाला धरून ठेवतं, एवढंच त्यामागचं शास्त्र. कारखान्यांत यासाठी वेगळं डिंकासारखं द्रव्य विकत घेऊन घालतात. ते काम पाच टक्के शेवाळ करत असेल, वर थोडे क्षार आणि आयोडीनही देत असेल, तर ते खाद्यात असायलाच हवं. वाया जाणारी गोळी वाचली की तेवढं फिशमील कमी लागेल. बारीक मासळी वाचण्याशी शेवाळाचा खरा संबंध आहे तो इथे, आणि तोही काही थोडाथोडका नाही.

तपकिरी शेवाळातल्या काही द्रव्यांनी कोळंबीची रोगाशी झुंजण्याची ताकद वाढते, असेही प्रयोग झाले आहेत. पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाने तळंच्या तळं हातचं गेलेलं ज्याने पाहिलं आहे, त्याला या वाक्याचं मोल कळेल. पण त्याच्या जोरावर कुणी औषध म्हणून महागड्या पुड्या विकू लागला, तर तळेवाल्यांनी आधी प्रयोगशाळेचा कागद मागावा.

आता ज्या गोष्टीने मला खरोखर अस्वस्थ केलं आहे, ती सांगते. गेल्या हिवाळ्यात आमच्या जेट्टीवर एक व्यापारी आला. पायऱ्यांवर, दगडांवर आणि तिवरांच्या बुंध्यांवर जे हिरवं शेवाळ चढतं, ते खरवडून, सुकवून, गोणीत भरून द्या, गोणीमागे इतके पैसे देतो, म्हणाला. कशाला हवं विचारलं, तर म्हणाला माशांच्या खाद्यात घालतात. मासळीला मंदी होती, दोन-चार बायका तयारही झाल्या. त्यांना मी दोष देत नाही, घरात पैसा लागतो. मी त्याला विचारलं, याची तपासणी कुठे करता? तो म्हणाला, ताई, सुकवलं की सगळं निघून जातं.

सुकवल्यावर निघून जातं ते पाणी. धातू जागच्या जागी राहतात.

शेवाळाला मुळं नसतात. अन्न, क्षार, जे काही घ्यायचं ते सगळ्या अंगाने भोवतालच्या पाण्यातून घेतं. आमच्या ठाण्याच्या खाडीच्या दोन्ही काठांवर मुंबई, ठाणे, नवी मुंबई अशी तीन शहरं आहेत, आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यातले रासायनिक कारखाने कित्येक वर्षांचे आहेत. शहरांचं सांडपाणी खाडीत येतं. त्या पाण्यावर हे हिरवं शेवाळ झपाट्याने माजतं, त्यामुळे ते बघायला टवटवीत दिसतं. त्या पाण्यात शिसं, कॅडमियम, आर्सेनिक असेल तर ते शेवाळाच्या अंगात भरणारच. मासा भरती-ओहोटीबरोबर फिरतो तरी. शेवाळ एका दगडाला धरून जन्म काढतं. दहा किलो ओलं शेवाळ सुकून एक किलो होतं, म्हणजे दहा किलोतला धातू त्या एका किलोत गोळा होतो. ते दळून गोळीत, गोळी माशात, मासा माझ्या पाटीत आणि तिथून तुमच्या ताटात. युरोपीय संघाने शेवाळापासून केलेल्या पशुखाद्याच्या मालाला किलोमागे ४० मिलिग्रॅम आर्सेनिकची कमाल मर्यादा घातली आहे. त्यांना हा धोका ठाऊक आहे म्हणूनच घातली.

ठाण्याची खाडी २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाली, २०२२ मध्ये जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेली. पक्ष्यांसाठी आणि तिवरांसाठी तिला जपायचं आहेच. तिवरांच्या बुंध्यांवर खरवडणी सुरू झाली तर पिल्लांच्या लपण्याच्या जागांवरही घाला येईल. आम्ही बायकांनी मिळून त्या माणसाला नाही म्हटलं. पण तो पुढच्या गावात गेला नसेल असं मला वाटत नाही, आणि तिथल्या बायकांनी हे पत्र वाचावं अशी माझी फार इच्छा आहे. ऐरोली, राबाडे, घणसोली, वाशी गाव, सारसोळे, तुम्ही कुठल्याही गावच्या असा, खाडीतलं शेवाळ खाद्यासाठी कुणाला देऊ नका.

शेवाळ यावं ते स्वच्छ समुद्रातलं, आणि शक्य तिथे लागवडीचं. रत्नागिरी-सिंधुदुर्गाचे कातळ आहेत, पण तिथलंही बुडापासून उपटून न्यायला सुरुवात झाली तर दोन हंगामांत कातळ उघडे पडतील. तमिळनाडूत रामनाथपुरमकडच्या बायका पिढ्यान्‌पिढ्या शेवाळ काढतात आणि महिन्यातले काही दिवसच काढायचं, असं बंधन त्यांनी स्वतःहून पाळलं आहे. आपल्याकडेही ते पाळता येईल. त्याच किनाऱ्यावर कप्पाफायकसची लागवड तीन मीटर बाय तीन मीटरच्या बांबूच्या तराफ्यांवर होते, दीड महिन्यात पीक हाती येतं. मात्र हे शेवाळ बाहेरच्या देशातलं, आणि तिथल्या एका बेटाजवळ ते प्रवाळावर पसरल्याचं शास्त्रज्ञांनी नोंदवलं आहे. त्यामुळे आपल्या कोकणात आपल्याच जाती लावाव्यात.

आणखी एक जागा मला फार मोलाची वाटते. कोळंबीच्या तळ्यातून बाहेर जाणारं पाणी. त्यात विष्ठेतलं आणि उरल्या खाद्यातलं नत्र असतं, आणि ग्रॅसिलेरियाला तेच हवं असतं. बाहेरच्या चरात दोऱ्यांवर ते लावलं तर खाडीत जाणारं पाणी निवळेल आणि पीकही मिळेल. दक्षिण आफ्रिकेत ॲबलोन नावाच्या शिंपल्याच्या शेतीत असं करतात. टाक्यांतून निघालेल्या पाण्यावर उल्वा वाढवतात आणि तीच त्या शिंपल्यांना चारतात. आपल्या तळ्याच्या पाण्यात काय आहे हे आपल्याला माहीत असतं, तपासून घेता येतं. खाडीचं तसं नाही.

पैशाचं बोलायला हवं, कारण ते कुणी बोलत नाही. प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजना २०२० मध्ये आली, २०,०५० कोटींची, आणि त्यात शेवाळासाठी ६४० कोटी ठेवल्याचं केंद्राने सांगितलं. चांगली गोष्ट. पण शेवाळ काढणं, धुणं, वाळू वेचणं, पलटून पलटून सुकवणं हे सगळं बायकांचं काम असणार. कोकणात पावसाचे चार महिने काहीच सुकत नाही, म्हणजे हंगाम ऑक्टोबर ते मे. दहा किलोचा एक किलो होतो, हे ज्या बाईला ठाऊक नाही तिला ओल्याच्या भावात सुकं विकायला लावतील. म्हणून दर ठरवताना तो सुक्या मालाचाच ठरवा, आणि वाळूविरहित मालाला वेगळा दर द्या. सुकवायला जाळीचे मांडव गटांना द्या. कोळीवाड्यांत बोंबील वाळवायच्या वलांड्या असतात, बायकांना या कामाचा सराव आहे, नवीन काही शिकवायला नको.

आणि आता माझी मुख्य मागणी.

आमच्या घरी खाद्याचं पोतं येतं त्यावर क्रूड प्रोटीन इतके टक्के, फॅट इतकं, फायबर इतकं, ओलावा इतका, एवढं छापलेलं असतं. ते प्रथिन कुट्यातून आलं की सोयातून, हे कळत नाही. बाळाच्या बिस्किटाच्या पुड्यावर घटकपदार्थ जास्तीपासून कमीपर्यंत क्रमाने लिहावे लागतात. माशाच्या खाद्यावरही तसंच छापणं सक्तीचं करा. फिशमील किती टक्के, ते कुठल्या किनाऱ्यावरचं. शेवाळ घातलं असेल तर कुठल्या जातीचं, किती टक्के, कुठल्या समुद्रातलं किंवा लागवडीचं. त्या खेपेची आर्सेनिक, कॅडमियम आणि शिशाची तपासणी कधी झाली आणि आकडे काय आले. भारतीय मानक ब्युरो आणि राज्याचा मत्स्यव्यवसाय विभाग यांनी मनावर घेतलं तर हे अवघड नाही. खाद्य कंपन्यांना गुपित फुटण्याची भीती असेल तर कृती सांगू नका, घटक सांगा.

याचा फायदा बाजारातही होईल. नेरुळ, सीवूड्स, ठाण्याची गिऱ्हाइकं हल्ली विचारतात, मावशी, मासा खाडीचा की तळ्याचा? आणि तळ्याचा असेल तर काय खाऊन वाढला? भिवंडीकडे बंदी असलेला थाई मांगूर मासा कोंबडीच्या टाकाऊ आतड्यांवर वाढवताना पकडला, या बातम्या लोकांनी वाचल्या आहेत. त्यांच्या शंकेला माझ्याकडे तोंडी उत्तर आहे, कागद नाही. पोत्यावर छापलेलं असेल तर मी त्याचा फोटोच मोबाईलवर दाखवीन.

वर्सोव्याच्या केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेत माशांच्या खाद्यावर संशोधन करणारी जाणती माणसं आहेत. त्यांना किंवा ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्राला आमची या पत्रातून विनंती आहे. भाऊ कोळंबीच्या तळ्यात मधोमध जाळी लावून दोन भाग करून द्यायला तयार आहे. एका भागात नेहमीचं खाद्य, दुसऱ्यात पाच टक्के शेवाळाचं. बीज, वीज आणि मेहनत आमची. शेवाळ नणंदेच्या गावच्या बायका देतील, त्यांना सुक्या मालाचा ठरलेला दर रोख मिळावा. आम्हाला हवी आहे ती शेवाळाची, खाद्याची आणि शेवटी कोळंबीच्या मांसाची धातूंसाठी तपासणी, जी आमच्या ऐपतीबाहेरची आहे. पाऊस गेला आणि तळ्याचं खारेपण वर आलं की ऑक्टोबरअखेर बीज सोडता येईल. निकाल आमच्या बाजूचा येवो की विरुद्ध, आकड्यांसह आपल्या दैनिकाकडे पाठवीन.

आपली विश्वासू,
एक मासळी विक्रेती,
दिवाळे कोळीवाडा, बेलापूर, नवी मुंबई